फायनलला प्लेटमागे

मुलांच्या बेसबॉल फायनलला अंपायर म्हणून प्लेटमागे, म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या पाटीमागे, उभं राहायला मला मनापासून आवडतं. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जेमतेम 46 फुटांवर असतो, चेंडू क्षणात येतो. मी कॅचर (प्लेटमागे बसून चेंडू पकडणारा) आणि बॅटरच्या मधल्या फटीत वाकतो, डोकं स्थिर ठेवतो, चेंडू ग्लव्हमध्ये शिरला की मगच बोलतो. स्ट्राइक झोन, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो तो प्लेटवरचा भाग, बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. बुटक्या पोराचा तो चिमुकलाच, आणि तो त्याचा हक्क आहे.

यंदा शेवटची इनिंग, तिन्ही बेसवर धावपटू, दोन आउट, तीन बॉल (झोनबाहेरचे चेंडू), दोन स्ट्राइक; तिसरा स्ट्राइक म्हणजे बॅटर आउट. चेंडू 17 इंची प्लेटच्या बाहेरच्या कडेला चाटून गेला. स्ट्राइक! बॅटिंग करणारा पोरगा रडला. फार वाईट वाटलं, पण समोरच्या पिचरनेही तो चेंडू जीव ओतून टाकला होता.