आमच्या बोअरचं पाणी आणि आर्सेनिक

अमेरिकेत नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. शहरात ते बहुतेक खरंही असतं. आम्ही मात्र न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआच्या बाहेर, झाडीत घर घेतलं. इथे नगरपालिकेची पाइपलाइन नाही. अंगणात खडकात खोलवर गेलेली बोअर आणि तळघरात प्रेशर टाकी, एवढाच कारभार. या राज्यात जवळपास निम्मी माणसं असं स्वतःच्या विहिरीचं पाणी पितात, आणि केंद्राचा पिण्याच्या पाण्याचा कायदा या खासगी विहिरींना लागूच नाही. ज्याची विहीर, त्यानेच तपासायचं.

मला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंचा एक प्रश्न होता, "पाणी शहराचं की विहिरीचं?" इथे तो उगाच विचारत नाहीत. डार्टमथ कॉलेजचे संशोधक 2009 पासून, पाण्यातल्या आर्सेनिक या विषारी द्रव्यापायी, विहिरीचं पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करताहेत.

आई फोनवर म्हणाली, "उकळून, गाळून पी." जंतूंसाठी ठीक आहे, पण आर्सेनिक उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात ते उलट वाढतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. आमचं पाणी तर पाहुणे मागून पितात, इतकं गोड.

राज्याच्या राजधानीतल्या, कॉनकॉर्डच्या सरकारी प्रयोगशाळेतून बाटल्या आणल्या, भरून परत दिल्या. रिपोर्टमध्ये आर्सेनिकपुढे लिहिलं होतं 0.014 मिलिग्रॅम प्रति लिटर. पहिल्यांदा वाटलं, एवढंसंच तर आहे. मग शेजारच्या रकान्यातली मर्यादा वाचली: 0.005. केंद्राची मर्यादा 0.010 आहे, या राज्याने 2021 मध्ये ती निम्म्यावर आणली. समोरच्या घरातल्या आजींच्या बोअरमध्ये मात्र जवळपास काहीच नाही! हे आर्सेनिक मुख्यतः खडकातलंच, आणि पाणी कुठल्या भेगेतून येतं त्यावर सगळं अवलंबून. त्यामुळे शेजाऱ्याचा रिपोर्ट आपल्या कामाचा नाही.

माझी लघवीची तपासणीही झाली. त्याआधी काही दिवस मासे बंद. माशांमधलं आर्सेनिक बहुतेक निरुपद्रवी असतं, पण एकूण आकडा फुगवतं. माझं माहेर मालवणचं आणि फ्रीजरमध्ये सुरमई, तेव्हा हा भाग सगळ्यात जड गेला. आकडा काळजीचा निघाला नाही. तरी डॉक्टरीणबाईंनी बजावलं की ही तपासणी फक्त गेल्या काही दिवसांचं सांगते. भीती असते ती वर्षानुवर्षं पोटात जाण्याची: त्वचेचे विकार, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग.

उपाय त्या मानाने सोपा निघाला. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली आरओ बसवला. आंघोळ, धुणंभांडी जुन्याच पाण्यावर चालतात, कारण कातडीतून ते फारसं शिरत नाही. पण आर्सेनिकचा एक प्रकार आरओला बऱ्यापैकी चकवतो, म्हणून फिल्टरनंतरचं पाणीही तपासून घेतलं. भातसुद्धा आता भरपूर पाण्यात शिजवून पेज वेळून काढते, कारण तांदळात मुळातच थोडं आर्सेनिक असतं. पेज टाकून द्यायची म्हटल्यावर आई अजून हळहळते.

हे सगळं ऐकून पुण्याच्या दादाने विचारलं, "आपल्या बोअरचं काय?" आपल्याकडे बराचसा काळा पाषाण. तिथे तक्रार असते ती फ्लोराइडची, नायट्रेटची. आर्सेनिकचा मोठा प्रश्न गंगेच्या खोऱ्यात, बंगाल-बिहारमध्ये. पण गडचिरोलीची हद्द ओलांडली की छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात कौडीकसा गाव आहे, तिथल्या पाण्यात ते सापडलंय.

दादाने त्यांच्या सोसायटीचा रिपोर्ट पाठवला. जडपणा, क्लोराइड, जंतू सगळं होतं, आर्सेनिकचा रकाना नव्हता. वर म्हणाला, "आरओवाल्याने मीटर लावून टीडीएस दाखवला, एकदम झकास!" टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज, आणि ती लिटरमागे शेकडो मिलिग्रॅममध्ये असते. आमच्या पाण्यातलं 0.014 मिलिग्रॅम त्या मीटरला दिसलंच नसतं.