तुम्ही विचारलंत म्हणून: अणुभट्टी आपल्याकडे चालेल का?

“मामा, तुमी अख्खी जिंदगी रेडिएशनमधी काढलाव. खरं सांगा, अणुभट्टी आपल्याकडं आली तर चालंल का?”

लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, परवा न्हाव्याच्या दुकानात, कुठंही गाठून लोक मला हेच विचारतात. लातूर आणि आसपासच्या गावांत तीस वर्षं मी एक्स-रे काढले. गावाकडच्या भाषेत ‘फोटो’ काढले. त्यामुळे रेडिएशन म्हटलं की लोकांना मी आठवतो. मी काही अणुवीज प्रकल्पातला इंजिनिअर नाही. पण आमच्या खोलीवर आणि तारापूरच्या अणुभट्टीवर नजर ठेवणारं मंडळ एकच आहे, मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ. त्या मंडळाच्या नियमाखाली नोकरी करताना जे पाहिलं, त्यावरून बोलतो.

आमच्या छातीवर एक बिल्ला असायचा. टीएलडी बॅज म्हणतात त्याला. प्लॅस्टिकच्या कव्हरात एक पट्टी आणि तिच्यावर तीन बारीक चकत्या. अंगावर किती रेडिएशन पडलं ते या चकत्या धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जायचा, नवा यायचा, मागाहून कागदावर आकडा यायचा. आमच्यासारख्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजायचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, अशी मर्यादा आहे. सामान्य माणसाला या कामांमुळे वर्षाला १ च्या वर मिळता कामा नये. जमीन, आकाश, हवा, अन्न यांतून माणसाला जगभरच्या सरासरीनं वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. माझा आकडा बहुतेक वेळा शून्याच्या जवळच असायचा. म्हणून रेडिएशन या शब्दाची मला भीती वाटत नाही. आकडा दडवला जातो, तेव्हा मात्र वाटते.

आता उत्तर. चालेल. पण एका अटीवर.

आधी ‘चालेल’ का, ते. आपल्या देशात लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. कोळसा इथं निघतो, तरी बाहेरूनही आणावा लागतो. दूर कुठं युद्ध पेटलं की औशाच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर महाग होतो. १००० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला वर्षाला पन्नास लाख टनांच्या आसपास कोळसा लागतो, रोज रेल्वेच्या वाघिणी याव्या लागतात. तेवढ्याच क्षमतेच्या आपल्या जड पाण्याच्या (साध्याऐवजी जड हायड्रोजनचं पाणी वापरणाऱ्या) अणुभट्टीला वर्षाला दीडशे टनांच्या आसपास नैसर्गिक युरेनियम पुरतं. ते एका गोदामात मावतं, काही वर्षांचा साठाही करून ठेवता येतो. झारखंडातल्या जादुगुड्याला आणि आंध्रातल्या तुम्मलपल्लीला खाणी आहेत. त्या पुरत नाहीत, म्हणून युरेनियमही आपण बाहेरून घेतोच.

बाहेरच्यावर विसंबलं की काय होतं, ते तारापूरनं भोगलंय. १९६९ साली तिथं अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या, इंधनही अमेरिकेचंच. १९७४ ला पोखरणचा अणुस्फोट झाला आणि देणाऱ्यांनी हात आखडले. कॅनडानं राजस्थानच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं, तारापूरचं अमेरिकी इंधन पुढं अडलं, मग फ्रान्सकडे जावं लागलं. २००८ साली अणुपुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिल्यावर कुठं युरेनियमची वाट मोकळी झाली. मधल्या काळात आपल्या माणसांनी जड पाण्याच्या भट्ट्या स्वतः बांधायला शिकून घेतल्या. आज गुजरातेत काकरापारला ७०० मेगावॉटच्या देशी भट्ट्या चालू आहेत. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही देशातल्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय. आज आपण ९ च्याही आतच आहोत.

‘आपल्याकडं’ म्हणजे थेट मराठवाड्यात म्हणत असाल, तर भट्टीच्या आधी पाणी आडवं येतं. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ साली पाण्याअभावी बंद पडलं, २०१५ ला पुन्हा पडलं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा माझी बायको घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी होती. अणुभट्टीला थंडाव्यासाठी कोळशाच्या केंद्राहून जास्तच पाणी लागतं. म्हणून तारापूर, कल्पाक्कम, कुडनकुलम समुद्राला लागून आहेत आणि जैतापूरची जागाही कोकणातलीच आहे. आपल्या दारात भट्टी येणं अवघड. पण वीज तारेनं येते आणि कायदा सगळ्या देशाला एकच असतो. त्यामुळे प्रश्न आपलाही आहेच.

आता अट. ती समजावायला मला १९९३ सालात जावं लागतं.

तेव्हा मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात शिकाऊ होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली. दुपारपर्यंत दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मोडलेली मांडी, मोडलेला खुबा, मोडलेला मणका. डार्करूममध्ये हँगरला लावलेल्या ओल्या फिल्मा वाळायची वाट कुणी पाहत नव्हतं, पाणी निथळत असतानाच डॉक्टर त्या उजेडाकडे धरत होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, त्याखाली माणसं निजलेली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं गेली.

आणि त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर आपला भाग कुठं होता? झोन एकमध्ये. म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीकडे धक्के बसले होते, लोकांना जमिनीतून आवाज ऐकू येत होते. नकाशा मात्र तोच राहिला. पुढे २००२ साली झोन एक हा प्रकारच नकाशातून काढून टाकला. ‘इथं काही होत नाही’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं की मला त्या ओल्या फिल्मा दिसतात.

त्याच १९९३ साली, किल्लारीच्या आधी सहा महिने, ३१ मार्चच्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आगीत केबली जळाल्या. केंद्राची सगळी वीज गेली, ती सतरा तास. भट्टी बंद करता आली होती, पण बंद झाल्यावरही ती आतून तापतच असते. कंट्रोल रूममध्ये धूर भरलेला, यंत्र काय सांगतंय ते दिसेना. अंधारात बॅटऱ्या घेऊन कामगार वर चढले आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून बोरॉनच्या द्रावणाच्या झडपा त्यांनी हातानं उघडल्या. आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी चढवून उष्णता काढली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या माणसांपुढं मी हात जोडतो. पण केबली एकमेकींपासून दूर ठेवल्या असत्या, तर त्यांना जिवावर उदार व्हावं लागलं नसतं. हे आधी तपासायचं, आणि नसेल तर केंद्र चालू होऊ द्यायचं नाही, हेच नियामकाचं काम.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही.

पुढं मी एका खासगी सेंटरमध्ये लागलो. तिथं किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी म्हणून कागदावर माझंच नाव होतं. एक्स-रेच्या खोलीच्या दाराला आतून शिशाचा पत्रा असतो. शिसं मऊ आणि जड, खिळे ढिले झाले की स्वतःच्या वजनानं खाली ओघळतं. आमच्या दाराचा पत्रा वरच्या बाजूनं चार बोटं खाली आला होता. दाराबाहेरच बाकडं, त्यावर बाया लेकरं घेऊन बसायच्या. मी मालकांना सांगितलं. म्हणाले, दिवाळीनंतर बघू. तपासणीच्या कागदावर एक रकाना होता, दरवाजा ठीक आहे का. मी ‘ठीक’ लिहिलं आणि सही केली. पगार तेच देत होते आणि पोराची फी भरायची होती.

वर्षभरानं बाहेरच्या संस्थेचा एक पोरगा मशीनची तपासणी करायला आला. त्यानं मीटर बाकड्यावर धरला, मला एक्स्पोजर द्यायला लावलं, आकडा बघितला आणि कागदावर लिहून टाकला. मालकांनी त्याला चहा पाजला, गोड बोलले. तो म्हणाला, “सर, हे दुरुस्त झाल्याशिवाय मला रिपोर्ट देता येणार नाही.” आठ दिवसांत नवं दार बसलं. जे मला वर्षभरात जमलं नाही, ते त्यानं दहा मिनिटांत केलं. तो माझ्याहून हुशार होता असं नाही. त्याचा पगार आमच्या मालकाच्या गल्ल्यातून होत नव्हता, एवढंच.

म्हणून २०१२ साली कॅगचा, म्हणजे सरकारी कारभार तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला तेव्हा मी त्याची बातमी दोनदा वाचली. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३, म्हणजे ९१ टक्के, नियामक मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट त्यात होती. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ संसदेच्या स्वतंत्र कायद्यानं नव्हे, सरकारी आदेशानं उभं होतं. ते अणुऊर्जा आयोगाला उत्तर द्यायचं. आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचे सचिव. आणि भट्ट्या चालवणारं महामंडळ त्याच खात्याचं. माझं आणि मालकाचं जे नातं, तेच वर दिल्ली-मुंबईत. मंडळातली माणसं प्रामाणिक नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. मीही अप्रामाणिक नव्हतो, तरी सही केलीच. म्हणून माझी अट एवढीच: भट्टीवर नजर ठेवणारा भट्टीच्या मालकाच्या हाताखालचा नसावा.

जपानचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. तोही तेल, वायू, कोळसा सगळं बाहेरून आणणारा देश, म्हणूनच त्यानं पन्नासावर भट्ट्या उभारल्या. त्यांच्यावर नजर ठेवणारी संस्था मात्र अणुवीज वाढवणाऱ्या मंत्रालयाच्याच पोटात होती. २०११ ला फुकुशिमा झालं. त्यांच्या संसदेच्या चौकशी आयोगानं सांगितलं की त्सुनामी निसर्गाची, अपघात मात्र माणसांनी घडवलेला. २०१२ मध्ये त्यांनी वेगळं नियामक प्राधिकरण केलं. आयात करणाऱ्या देशाला घाई असते, आणि त्या घाईत ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणं सोपं जातं.

आपल्याकडे २०११ चं स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक तसंच बारगळलं. मग डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ‘शांती’ कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा गेला, खासगी कंपन्यांना दार उघडलं, आणि नियामक मंडळाला अखेर कायद्याचा आधार मिळाला. हे शेवटचं पाऊल मला मोलाचं वाटतं. पण सदोष यंत्र देणाऱ्या पुरवठादाराकडून भरपाई वसूल करायची २०१० च्या कायद्यातली सोय त्याच वेळी काढून घेतली, ते मला पटलेलं नाही. शिसं ओघळलेलं दार ज्यानं बसवलं, तो मोकळा का सुटावा? आणि आता खासगी मालक येणार म्हटल्यावर, मंडळावर माणसं कोण नेमतो, त्यांना पैसा कुठून येतो, त्यांनी ‘बंद करा’ म्हटल्यावर कुणाचा फोन येतो, हे बघायलाच हवं.

परवा न्हाव्याच्या दुकानातल्या त्या पोराला मी एवढं सगळं सांगितलं. त्याचं शेत औशाकडे आहे, मोटारीला वीज रात्रीची असते. तो घड्याळ बघत उठला, बारा वाजता पाणी द्यायला जायचं होतं. जाता जाता म्हणाला, “म्हंजी मामा, भट्टीपेक्षा तो मीटरवाला पोरगा महत्त्वाचा.”

मी म्हटलं, हो. आणि त्याला चहा कुणी पाजला, तेही विचारत जा.