हुकूमशाही शांततेने पायउतार होते का?

पुण्यात व्याख्यान संपले की श्रोत्यांपैकी कोणीतरी, बहुतेकदा आणीबाणी अनुभवलेली व्यक्ती, मला हा प्रश्न हमखास विचारते. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: होते, पण त्याची किंमत बहुधा ज्यांनी अत्याचार सोसले त्यांनाच मोजावी लागते.

येरवड्याच्या तुरुंगातून सुटलेल्यांचा १९७७ चा दाखला इथे नेहमी दिला जातो. तो मोलाचाच आहे; परंतु राज्यघटना, पक्ष आणि मतदानाची सवय तेव्हा आपल्याकडे शिल्लक होती. चिलीत १९७३ च्या लष्करी बंडानंतर संसदच बरखास्त झाली होती. तरीही तिथले लष्करी हुकूमशहा पिनोशे यांना आपल्याच राज्यघटनेनुसार ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, आपण सत्तेवर राहावे की नाही यावर, सार्वमत घ्यावे लागले आणि सुमारे ५५ टक्के मतदारांनी त्यांना नाकारले. त्या रात्री सरकारी आकडे रेंगाळत असताना, अध्यक्षीय प्रासादात बैठकीला जाताना हवाईदलप्रमुख फर्नांदो मातेई यांनी पत्रकारांसमोर ‘नाही’ची सरशी मान्य केली. भीती बाजूला सारून लोक मतदानाला आले नसते, तर ही वेळच आली नसती. पण निकाल फिरवणे अशक्य झाले ते राजवटीच्या आधारस्तंभांपैकीच एकाने तो उघडपणे स्वीकारल्यामुळे, असे माझे मत आहे.

यानंतरचा भाग सांगताना मला आजही त्रास होतो. पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपदी राहिले आणि त्यांच्या राजवटीत बेपत्ता झालेल्यांचे कुटुंबीय न्यायासाठी ताटकळत राहिले. स्पेनमध्येही १९७७ च्या माफी कायद्याने राजकैद्यांबरोबर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतील अत्याचारी अधिकाऱ्यांनाही अभय मिळाले. जाणाऱ्यांना जिवाची हमी दिल्याशिवाय ते जात नाहीत, हे मला पटते. ती हमी न्याय्य आहे, असे मात्र मी म्हणणार नाही.

सवलत दिली की नाही, यापेक्षा ती पुढे काढून घेता येते का, हे मी आधी पाहते. चिलीत पिनोशेंच्या राज्यघटनेतील नियुक्त, म्हणजे निवडून न येता नेमल्या जाणाऱ्या, सिनेटरांची तरतूद २००५ च्या घटनादुरुस्तीने रद्द झाली. म्यानमारच्या २००८ च्या राज्यघटनेत मात्र संसदेच्या एक चतुर्थांश जागा लष्कराकडे होत्या आणि महत्त्वाच्या दुरुस्तीसाठी ७५ टक्क्यांहून अधिक मते लागत, म्हणजे लष्कराच्या संमतीशिवाय ती दुरुस्ती शक्यच नव्हती. निवडणुका झाल्या, सरकार आले आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने ते उलथून टाकले. वाटाघाटींना बसणाऱ्यांनी बाकी पुष्कळ काही सोसावे, पण असे कलम कदापि स्वीकारू नये.