तुम्ही विचारलंत म्हणून: गाताना ती बाई कोण असते?

कार्यक्रम संपला की विंगेत हा प्रश्न येतोच. बायका हसत विचारतात, पुरुष खांद्यावर हात टाकून विचारतात, कॉलेजची पोरं तर मोबाइल चालू करून थेट तोंडापुढे धरतात. "काका, बायकांची गाणी गाताना तुम्हाला बाई झाल्यासारखं वाटतं का?" काही जण अर्धवटच विचारतात, "म्हणजे, तुम्ही... घरी कोण कोण असतं?" बायको असते. मुलगा असतो. त्याच्या दहावीच्या क्लासची फी असते.

ऑर्केस्ट्रात मला 'डबल व्हॉइस' म्हणतात. युगुलगीत एकटा गातो, दोघांच्याही वाटचं. बरीच वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो: हा गळ्याचा मामला आहे, मनाचा नाही. पुरुषाची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पेटीवर साधारण काळी एक-दोन, बाईची काळी चार-पाच. मी खोट्या आवाजात वर जातो, एवढंच. नुसतं बारीक गायलं की बाईचा आवाज निघतो असं वाटणाऱ्यांनी घरी करून बघावं, मिमिक्री होते. श्वास कुठे सोडायचा, शब्दाचं शेवटचं अक्षर किती हलकं ठेवायचं, माइक किती जवळ घ्यायचा, ही सगळी मेहनत आहे. सुताराला कोणी विचारतं का, पाळणा करताना तुम्हाला बाळ झाल्यासारखं वाटतं का म्हणून?

हे उत्तर खोटं नाही. फक्त ते मी फार घाईघाईने देतो, असं बायको म्हणते.

मुळात गाण्यातली ती बाई असते तरी कोणाची? 'सोळावं वरीस धोक्याचं' घ्या. 1964 सालच्या 'सवाल माझा ऐका'मधलं. लिहिणारे जगदीश खेबुडकर, पेशाने शिक्षक. चाल वसंत पवारांची. गायल्या सुलोचना चव्हाण, ज्या असली लावणीसुद्धा पदर जराही ढळू न देता, जागच्या जागी उभ्या राहून गात. म्हणजे त्या सोळा वर्षांच्या पोरीतली निम्मी तर पुरुषांनीच घडवली. खेबुडकर मास्तरांना कोणी विंगेत गाठून विचारलं असेल का, मास्तर, लिहिताना काय वाटतं? उलट बाजूनेही तेच. 'मी डोलकर'मधला दर्याचा राजा शान्ता शेळक्यांनी लिहिला. कोळीवाड्यातल्या हळदीत लोक त्यावर नाचतात तेव्हा हा कोळी एका प्राध्यापिकेच्या लेखणीतून आला, हे कोणाच्या गावीही नसतं. आणि एकनाथ महाराज तर भारुडात चक्क सासरच्या जाचाला वैतागलेली सून होऊन भवानीला नवस बोलतात. तिथे आपण सगळे हात जोडून बसतो.

माझं सांत्वन करायला लोक बालगंधर्वांना आणतात. कृपा करून आणू नका. नारायणरावांचं नाटक बघायला येणारा माणूस पुरुष बघायचाय हे ठाऊक असूनच तिकीट काढत होता. पडदा वर जायच्या आधीच सगळा करार झालेला. तुलनाच करायची तर अण्णा साळुंखे बरे. ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करत होते, फाळक्यांनी उचलून 1913 साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती केलं. पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. पहिला डबल व्हॉइस, फक्त मुका. पण त्याच रांगेत गणपत पाटीलही आहेत. पडद्यावर त्यांनी तमाशातला बायकी नाच्या रंगवला आणि लोकांनी तो पडद्याबाहेरही त्यांच्या अंगाला चिकटवून ठेवला. माझ्या आईला भीती होती ती त्याची.

आता ज्या संध्याकाळबद्दल मी कोणाला धड सांगितलेलं नाही, तिच्याबद्दल.

आमच्या नाइटमध्ये एक ठरलेली गंमत असते. मुखडा आणि पहिला अंतरा मी पडद्याआडून गातो. स्टेज रिकामं. लोकांना वाटतं, कोणी नवीन गायिका आहे. मग दुसऱ्या अंतऱ्याला मी शर्ट-पँटमध्ये, मिशीसकट बाहेर येतो. शिट्ट्या, हशा, टाळ्या. याच क्षणासाठी कॉन्ट्रॅक्टर मला बोलावतो. 'पिया तू अब तो आजा' असेल तर फारच. मोनिकाही मीच आणि तिला हाका मारणारे पंचमदाही मीच.

त्या दिवशी दादरच्या एका नाट्यगृहात पावसाच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. बाहेर धो धो, त्यामुळे हॉल निम्मा रिकामा आणि आलेले बहुतेक सगळे पांढऱ्या केसांचे. मला 'ये रे घना' होतं. मी पडद्याआड सुरुवात केली आणि माझ्या एन्ट्रीच्या वेळी निवेदकाच्या हातातला माइकच बंद पडला. तो वायरवाल्याला खुणा करत राहिला. मला खूण मिळालीच नाही, मी गात राहिलो. सगळं गाणं पडद्याआडून झालं. कोणी हसलं नाही. इतक्या वर्षांत मी माझं गाणं कोणी न हसता शेवटपर्यंत ऐकलेलं त्या दिवशी अनुभवलं. टाळ्या थोड्या उशिरा आल्या आणि बराच वेळ राहिल्या.

मग समोरून एक चिठ्ठी आली, पाचशेच्या नोटेला टाचलेली. फर्माईश असेल म्हणून मी उघडली. 'बाईंना सांगा, आमची ही हे गाणं अगदी असंच गुणगुणायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. पुन्हा म्हणाल का?' मी ती वाचत असतानाच निवेदकाचा माइक सुरू झाला आणि त्याने राहिलेली गंमत उरकून घेतली. "तर रसिकहो, या गोड आवाजाच्या मालकीणबाईंना भेटूया!" मला बाहेर ढकललं. हशा झाला. नेहमीएवढा मोठा नाही, पण झाला.

मध्यंतरात ते गृहस्थ विंगेत आले. सत्तरीचे असतील, हातात ओली छत्री. मी नोट पुढे केली. म्हणाले, "पैसे राहू द्या. चिठ्ठी द्या माझी." मी दिली. मला वाटलं आता जातील, पण उभे राहिले. "मी रडलो हो तिथे," ते म्हणाले. "आणि मग सगळे हसले."

मी काय बोलावं? मला सुचलं ते बोललो. म्हटलं, काका, हे गाणं लिहिणारे आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, पुरुषच होते. त्यांनी बाईचं नाव घेतलं होतं. चाल हृदयनाथांची. आणि गाण्यात बोलणारी बाई आहे असं कुठे म्हटलेलंच नाही, एक क्रियापद तसं सांगत नाही. आशाबाईंनी गायलं म्हणून आपण ती बाई मानतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असेल. पण खानोलकर पडद्यामागून बाहेर येऊन लोकांना हसवत नव्हते." आणि छत्री झटकून गेले.

रात्रीच्या कल्याण लोकलमध्ये मला उत्तरं सुचायला लागली. टोपणनाव हाही पडदाच. पार्श्वगायन म्हणजे तरी काय? ओठ एकीचे, आवाज दुसरीचा. त्यात कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही. आशाबाईसुद्धा त्या काकांच्या बायकोचा आवाज नव्हत्याच. घाटकोपरपर्यंत मी खटला जिंकलेला होता. पण मग लक्षात आलं की त्यांनी मला फसवणारा म्हटलंच नव्हतं. त्यांची तक्रार हसण्याबद्दल होती. लोक कोणाला हसले? मला, त्या बाईला, की तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्यांना?

तरुणपणचा मी लगेच म्हणेल: अरे, लोक हसतात म्हणून तुझी चूल पेटते, फार लाडात येऊ नकोस. बरोबर आहे त्याचं. पण त्याला मी विचारतो की मग निवेदक हसवायच्या आधीच्या त्या चार-पाच मिनिटांत तू कुठे होतास? तिथे गळ्याचा मामला वगैरे काही नव्हता. मला बाई झाल्यासारखं वाटलं असंही नाही. मी नव्हतोच तिथे, आणि बरं वाटत होतं. याचा अर्थ काय लावायचा तो ज्याने त्याने लावावा. मला अजून लागलेला नाही.

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या काकांचं राहू द्या, माझी तक्रार वेगळीच आहे. तुमची ती बाई नेहमी लाजते नाहीतर कोणाची तरी वाट बघते. तिला कधी साडेआठची फास्ट पकडायची नसते, तिचं कधी डोकं दुखत नाही. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून तुम्हाला बाई म्हणून हीच सापडली?" मी म्हटलं, गाणी मी लिहीत नाही. ती म्हणाली, "निवडता तर तुम्हीच." तेव्हापासून मी एकनाथांची ती वैतागलेली सून यादीत घातली आहे. ऑक्टोपॅडवर बरी वाजते. लोक हसतात, पण ते हसणं निराळं असतं. निदान मला तसं ऐकू येतं.

एकदा पडदाही काढून बघितला. निवेदकाला सांगितलं, आधी नाव घे, मी समोर उभा राहून गातो. 'आता वाजले की बारा' होतं. पहिल्या ओळीलाच हशा झाला आणि नंतर लोक मोबाइलमध्ये गेले. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "दादा, सस्पेन्सच नाही राहिला." त्या नाइटचे पैसे त्याने कापले नाहीत, पण पुढचे दोन कार्यक्रम दुसऱ्याला दिले.

रविवारी मुलुंडला आहे. त्यांनी पडदा मागितलाय आणि मी हो म्हटलंय. 'ये रे घना' मात्र यादीतून काढायला सांगितलं, तर निवेदक म्हणतो, "ते तर तुमचं हिट आहे." अजून आमचं ठरायचंय.