रोजनिशी : साक्षीदाराची सही

मंगळवार, रात्री

मृत्युपत्रात घर कोणाला द्यायचं यावर महिनोन्‌महिने काथ्याकूट होतो. साक्षीदार मात्र सहीच्या दिवशी समोर दिसेल तो पकडून आणतात. प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचं, घोडं पुष्कळदा इथेच पेंड खातं.

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३ दोन साक्षीदार मागतं. मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना प्रत्येकाने पाहिलेलं हवं, किंवा ‘ही सही माझीच’ हे त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि मग त्याच्यादेखत स्वतःची सही. दोघं एकाच वेळी हजर नसले तरी चालतं. मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागत नाही. स्टॅम्प पेपर नको, नोंदणी ऐच्छिक. (नोंदणी केली की साक्षीदारांचं काम संपलं, हा समज भलताच पसरलाय.)

खरी गोम पंधरा-वीस वर्षांनी कळते. प्रोबेटच्या अर्जासोबत दोघांपैकी एकाचं तरी प्रतिज्ञापत्र लागतं आणि कागदावर असते नुसती एक किरटी सही. नाव नाही, पत्ता नाही. शेजारचे होते की ऑफिसातले, मुलांना ठाऊक नसतं. दुसरा साक्षीदार करणाऱ्याच्याच वयाचा, केव्हाच वारलेला. मग करणाऱ्याचं आणि निदान एका साक्षीदाराचं अक्षर ओळखणारा माणूस शोधत फिरायचं.

म्हणून साक्षीदार वयाने दहा-पंधरा वर्षं तरी लहान घ्यावा. सहीखाली पूर्ण नाव, वय, कायमचा पत्ता. नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम, करणारा शुद्धीवर होता हेही तेच सांगू शकतात. ज्याला घरात वाटा मिळणार त्याला साक्षीला बसवू नये. विरोधकाच्या हाती आयतं कोलीत. नंतर खाडाखोड केली तर त्या जागी तिघांच्याही सह्या हव्यात. त्यापेक्षा नवं मृत्युपत्र लिहिलेलं बरं.

व्यवस्थापकाचं, म्हणजे एक्झिक्युटरचं, नावही विसरू नये. प्रोबेट त्यालाच मिळतं. नेमलेला नसेल तर ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’चा, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्राचा, अर्ज.

वारसांना नोटिसा जातात. सगळ्यांनी संमतीची प्रतिज्ञापत्रं दिली तर प्रकरण सुरळीत सरकतं. एकाने जरी कॅव्हेट (‘मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका’ असा अर्ज) दाखल करून हरकत घेतली तरी अर्जाचा दावा होतो आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. उलटतपासणी मग अशी चालते : सही कुठल्या खोलीत झाली? आधी कोणी केली? आणखी कोण बसलं होतं? पेन कोणाचं होतं?