बिघाड सांध्यात असतो

रविवार, रात्री

भाचीचं बोलणारं अस्वल आज बोलायला लागलं. पोट दाबलं की गाणं म्हणायचं, ते बरेच दिवस गप्प होतं. ताईने नवे सेल घालून पाहिले, उलटसुलट करून पाहिले आणि शेवटी माझ्याकडे आणून दिलं. मी आधी सेलचं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगा पाहिल्या. एकीवर पांढरी भुकटी साचली होती. अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

अल्कलाइन सेल खेळण्यात तसाच विसरून गेला की त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हळूहळू झिरपतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचे पांढरे स्फटिक बनतात. ते अल्कधर्मी असतात, म्हणून कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन लावलं की फसफसून सुटतात. हातमोजे घालूनच हे करायचं, कारण ताजी गळती कातडी भाजते. मग साध्या पाण्याच्या बोळ्याने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि स्प्रिंगचं टोक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचं.

एवढं करूनही अस्वल गप्पच होतं. मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजायचं यंत्र, लावला. जोड अखंड असेल तर तो वाजतो. स्प्रिंगपासून सर्किटच्या पट्टीपर्यंत ‘बीप’ यायला हवा होता, तो आला नाही. वायर बाहेरून लालबुंद, अगदी धडधाकट दिसत होती. जरा सोलली तर आतलं तांबं काळं पडलेलं. गळलेला द्रव प्लास्टिकच्या वेष्टणाखालून वायरीत सरकतो, हे मला माहीत होतं, पण तो इतका आत गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. काळ्या तांब्यावर सोल्डर, म्हणजे वितळवून जोड देणारा धातू, धरत नाही, ते थेंबासारखं घरंगळून जातं. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत गेले. उरलेला तुकडा पुरेना, म्हणून नवीनच जोडली.

असं काही उघडून बसले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. वस्तूचा मेंदू सहसा जात नाही. काळी चिप, स्पीकर, मोटर हे बहुतेक वेळा शाबूत असतं. जातात ते सांधे. वायर जिथे वाकते, धातू जिथे धातूला टेकतो, प्लास्टिक जिथे दांड्यावर ठोकून बसवलेलं असतं, बोट जिथे रोज दाबतं. म्हणून वस्तू हातात आली की मी तिला आधी हलवते, वाकवते, कानाशी धरते. हेडफोन अर्धवट वाजत असेल तर प्लगपाशी. चार्जर मधूनच चालत असेल तर त्याच्या मानेपाशी. रिमोटचं एखादंच बटण रुसलं असेल तर त्या बटणाखाली. तिथे रबराला काळी कार्बनची टिकली असते, ती सर्किटवरच्या रेषांना टेकते तेव्हा बटण लागतं. हाताचा तेलकटपणा आत झिरपून तिच्यावर थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू हळुवार पुसल्या की बहुतेक रिमोट सुधारतात. रिमोट मुळात किरण सोडतोय का, हे फोनच्या कॅमेऱ्यात दिसतं. पुढच्या टोकाचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकतो. मागचा कॅमेरा ते गाळून टाकत असेल तर पुढचा वापरून बघावा.

दुपारी खेळण्यातली मोटारगाडी दुरुस्तीला घेतली. मोटर गरगर फिरतेय, गाडी जागची हलत नाही, आणि आतून टक् टक् टक्. हा आवाज मी आता झोपेतही ओळखेन. मोटरच्या दोन मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर आठ दात्यांचं इवलंसं प्लास्टिकचं चाक घट्ट ठोकलेलं असतं. ते सतत ताणाखाली असतं, आणि कधीतरी दोन दात्यांच्या मधल्या खाचेत तडकतं. तडा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पण तेवढ्याने खाच जराशी रुंदावते, शेजारच्या चाकाचे दाते तिथे नीट बसत नाहीत आणि प्रत्येक फेऱ्यात एक टक् येतो. पुढे ते चाक दांड्यावर सैलावतं आणि नुसतंच घसरत राहतं. याला गम लावणं व्यर्थ. ताण तोच राहतो, तडा पुन्हा उघडतो, वर गम पातळ असेल तर मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरून ती कायमची जाम होते. चाकच बदलायचं. दाते मोजायचे, भोक मोजायचं, आणि जुन्या बिनकामाच्या खेळण्यातलं तसंच चाक उचलायचं. माझा सुट्या भागांचा डबा याचसाठी आहे. घरच्यांना तो पसारा वाटतो, पण त्यातली एकही वस्तू मी टाकणार नाही.

मोटरच्या दोन टोकांवर डाळीएवढी चपटी टिकली सोल्डर केलेली असते, तिला मात्र कुणी काढू नये. तो कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग. मोटरच्या ठिणग्यांमुळे होणारा रेडिओचा गोंगाट तो दाबतो, आणि रिमोटच्या गाडीत तो नसेल तर गाडीला लांबून दिलेले हुकूम नीट ऐकू येत नाहीत. वायरी उलट्या जोडल्या तर गाडी मागे धावते, एवढंच. बिघडत काही नाही.

भाची शेजारी बसून स्क्रू वाटीत टाकत होती. “मावशी, हे तीन कोपऱ्यांचं का?” म्हणाली. स्क्रूचं डोकं त्रिकोणी होतं. सेलच्या झाकणाला स्क्रू असणं मला पूर्ण पटतं. बटणाएवढा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. ते झाकण उघडायला अवघडच असलं पाहिजे. पण आतल्या मोटरच्या पेटीलाही त्रिकोणी स्क्रू, आणि त्यापुढे चिकटवून बंद केलेली शिवण? तिथे मुलाचं रक्षण होत नाही, फक्त दुरुस्ती अडते. याचा मला खरंच राग येतो. फ्रान्सने 2021 पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, हे त्यात मोजलं जातं. सुरुवात स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापायच्या यंत्रापासून झाली. खेळणी त्यात नव्हती. लहान मुलांच्या हातातली वस्तू सगळ्यात जास्त आपटते, सगळ्यात आधी तुटते, आणि तिचेच गुण कुणी मोजत नाही.

2009 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणत्या माणसाशेजारी बसून दुरुस्त करतात. त्यातलं ‘शेजारी बसून’ मला फार आवडतं.

ताईची इस्त्रीही आली आहे, ती उद्या. अजिबात तापत नाही, म्हणजे आधी वायर तपासायची आणि मग आतला थर्मल फ्यूज. तो ठरलेल्या तापमानाला एकदाच तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. तो वगळून सरळ वायर जोडली तरी इस्त्री चालते, आणि असं ‘जुगाड’ कौतुकाने सांगणारे लोक मी पाहिले आहेत. मी ते कधीही करणार नाही. आग लागू नये म्हणून तिथे बसवलेला तो शेवटचा पहारेकरी आहे. त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज लागेल. तोही सोल्डर न करता दाबून बसवायचा, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो तुटू शकतो. मायक्रोवेव्हला तर मी हातच लावत नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार राहू शकतो.

भाचीला सांगून ठेवलंय की इस्त्रीला तिने हात लावायचा नाही, लांबून बघायचं. त्याबदल्यात भिंतीवरचं घड्याळ तिचं. सेकंदकाटा नऊच्या आसपास नुसता थरथरतोय. काटा वर चढवायला तिथेच सगळ्यात जास्त जोर लागतो, म्हणून सेल थकला की तो त्या चढावर अडतो. हे तिला आधीच सांगणार नाही. मल्टिमीटर हातात देईन आणि विचारीन, काटा तिथेच का अडकत असेल?