लाल शाई

"बाबांची वही बघायचीय?" शेजारच्या बाईंनी कुंपणावरूनच विचारलं. काल अँझॅक डे, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा युद्धस्मृतिदिन, मेलबर्नला सुट्टी. मी म्हटलं, बघतो की.

निळी, जाडजूड लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही. वडील लँकॅस्टर बॉम्बरवर तोफची. सातजणांच्या विमानात अगदी शेपटीला, काचेच्या पिंजऱ्यात एकटे. दिवसाची उड्डाणं काळ्या शाईत, रात्रीची लाल. १९४३ च्या हिवाळ्यातलं पान जवळजवळ सगळं लालच. 'ऑप्स, बर्लिन', म्हणजे बर्लिनवरची मोहीम, पुढे तास-मिनिटं. संपलं. आमच्या दूधवाल्याच्या वहीतही याहून जास्त मजकूर असतो!

अशा ३० मोहिमा झाल्या की सुटका. ३० पर्यंत पोचले तर.

बाई म्हणाल्या, "लहानपणी एकदा विचारलं, बर्लिन कसं दिसायचं? म्हणाले, मी मागे तोंड करून बसायचो. शहर मला परत निघतानाच दिसायचं."

म्हणजे बाकीचे घराकडे बघत परतायचे, आणि हा विशीतला पोरगा मागे जळणाऱ्या शहराकडे.

बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, ३,४८६ ऑस्ट्रेलियन मारले गेले. युद्धात भरती झालेल्यांपैकी यात दोन टक्केही नव्हते, पण लढाईत मेलेल्या ऑस्ट्रेलियनांपैकी जवळजवळ वीस टक्के यातलेच. आणि खाली मेलेले? ते कुठल्याच शाईत नाहीत.

बाईंचे वडील नंतर चाळीस वर्षं कारकुनी करत होते. ट्राममध्ये मात्र कधी उलट्या तोंडाच्या सीटवर बसले नाहीत, बाई सहज बोलून गेल्या आणि चहा ठेवायला आत वळल्या.

मी वही मिटू की नको, कळेना.